चोवीस तासांनंतरही

प्रिय बाबा,

गेल्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, इंजेक्शननंतर अँजिओग्राफी चोवीस तासांच्या आत करायची असते. ते खरं आहे, पण अर्धं. ते वाचून तुम्ही आईला म्हणालात, “चोवीस तास तं कधीचे सरले. गेली ते गाडी. आता नागपूरले कायले जायचं?” आईनं हे फोनवर सांगितल्यापासून मला घास गोड लागत नाही.

म्हणून काल इथे नागपुरात वाडीच्या गोदामातल्या कामावरून अर्धी सुट्टी टाकली आणि तुमचे कागद घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. मॅडमनी शांतपणे समजावलं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या इंजेक्शननं रक्ताची गुठळी विरघळली, म्हणून दुखणं थांबलं. पण जिथे ती अडकली होती ती नळी आतून अरुंद असेल तर तशीच राहते आणि पुन्हा बंद होऊ शकते. ते कळायला नळीत औषध सोडून फोटो घ्यावे लागतात, तीच अँजिओग्राफी. पहिल्या दिवसातच घेतले असते तर सगळ्यात बरं झालं असतं. मी विचारलं, आता तीन आठवडे झाले, काही उपयोग आहे का? त्या म्हणाल्या, “उशीर झाला म्हणजे गरज संपली असं नाही. आता आणखी उशीर करू नका.”

तुमचं उत्तर मला माहीत आहे: “दुखूनच नाही राहिलं तं पाहाचं काय?” पण त्या दिवशी दुखत होतं तेव्हा तरी कोणी ओळखलं? मिरची वाळवायच्या सातऱ्यावर सगळ्यांच्याच छातीत आग होते, देठं खुडणाऱ्या बाया दिवसभर ठसकतात. तुम्ही पोतं टाकून छाती धरून बसलात तर आईनं ताक दिलं. रुपरावकाका म्हणाले, “लहानूभाऊ, भिवापुरी मिरची घरच्या माणसालेबी सोडत नाही गा!” तुम्हीही हसलात. घामानं सदरा भिजला तेव्हा कुठे त्याच काकांनी तुम्हाला ऑटोत घातलं. दोष कोणाचाच नाही. पण यापुढे छातीत काहीही झालं तर मिरचीचं नाव घ्यायचं नाही, त्याच पावली दवाखाना गाठायचा. आणि तुम्ही पुन्हा पोती उचलायला लागलात म्हणे, ते आजपासून बंद.

हे फोनवर सांगितलं असतं, पण विषय निघाला की तुम्ही “घे, तुह्या मायशी बोल” म्हणून फोन देऊन टाकता. समोर बसले तर मला रडू येतं, मग तुम्हीच माझी समजूत घालता आणि मुद्दा राहतो. शाळेआधी मला तुम्हीच वाचायला शिकवलंत, म्हणून लिहिलं. आणखी एक गोष्ट आपल्या घरात कोणी बोलत नाही. आजोबांना नागपूरला नेलं आणि ते परत आले नाहीत. मला वाटतं, गाडी गेली हे तुम्हाला बरंच वाटलं. भीती मलाही वाटते, बाबा. ती जाईपर्यंत थांबलो तर जाणंच होणार नाही. डॉक्टरांनी वेळ दिली आहे. गुरुवारी संध्याकाळच्या एसटीनं मी घरी येते आणि शुक्रवारी, एकवीस फेब्रुवारीला, तुम्हाला घेऊनच निघते.

तुमचीच,
दीक्षा