डाव्या पंखातला जोड

३ नोव्हेंबर १९९६, रविवार

हॉलमधला सोफा आज ओट्यावर गेला. टीव्ही माझ्या खोलीत. का? तर माझ्या धाकट्या भावाच्या, हेरंबसाहेबांच्या विमानाला जागा हवी! दीड वर्ष मागच्या शेडमध्ये ठाकठोक चालली होती ती परवडली. आता पंख घरात आले. उजवा पंख भिंतीला लागून थेट देवघराच्या दारापर्यंत. दिव्यात तेल घालायला मला वाकून जावं लागतं. नमस्कार देवाला पोचतो की हेरंबच्या लाकडांना, कोण जाणे.

निरुपमा नुसती हसते. नवरा उद्या चंद्रावर निघाला तरी ही बाई डबा भरून देईल.

५ नोव्हेंबर

भाजीवालीसुद्धा विचारते — "मंदाबेन, तमारा भाई साचे प्लेन बनावे छे?"

साचे बनावे छे, बाई. खरंखुरं, एका माणसाचं. लाकडाचं, वर कापड मढवलेलं. परदेशातून नकाशे मागवलेत, दिल्लीला परवानगीसाठी अर्ज केलाय, दर रविवारी विमानतळावर जाऊन शिकून लायसन्सही काढलंय. मकरपुऱ्याच्या कारखान्यातला इंजिनिअर, वय एक्केचाळीस, लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसला की ओकायचा. हा उडणार!

आणि मी? मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते आणि घरी आल्यावर भुसा झाडते.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज नवंच. हेरंब चहाचा कप घेऊन खोलीत आला. मला चहा आणून दिला म्हणजे काहीतरी काम असणार, हे मी ओळखलंच.

"ताई, जोड तू तपासशील? तुझी नजर बाबांची आहे."

बाबांनी जन्मभर सुतारकाम शिकवलं, पण त्यांच्याजवळ बसायचे ती मी. हा पतंगामागे गावभर. कुठल्या जोडात सरस नीट बसला, कुठे कोरडा राहिला, हे बाबा पेराने वाजवून सांगायचे. मलाही येतं. मेलं काय उपयोगाचं!

हेरंबची पद्धत चांगली आहे, नाही म्हणत नाही. पंखात जोड चिकटवला की दोन डब्यांतलं मिसळून केलेल्या त्याच सरसाने लाकडाचे दोन तुकडे वेगळे चिकटवायचे आणि दुसऱ्या दिवशी मोडून बघायचे. लाकूड फाटलं तर सरस चांगला. जोडावरच सुटलं तर सगळं परत. मोडायचं काम माझ्याकडे दिलंय. खोटं कशाला बोलू — मजा आली.

जोड पसंत पडला की शेजारी पेन्सिलीने "मं." लिहायचं. मग वरून प्लायवुड बसवून पंख बंद. एकदा बंद झाला की आत कुणी कधी बघू शकत नाही. हेरंब म्हणाला, "म्हणून तूच हवीस."

गोड बोलायला लागतं काय!

२४ नोव्हेंबर

आज उजव्या पंखाला टेकून उभी होते आणि तो वास आला. लाकूड, वॉर्निश. एकदम हरणीचं विमानांचं मैदान आठवलं!

१९६९. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. फ्लाइंग क्लबात उडायला शिकत होते, पुष्पक नावाच्या कापडी पंखांच्या विमानावर. आईला ठाऊक होतं, बाबांना नव्हतं. बाबांना वाटायचं प्रॅक्टिकल्स आहेत. हेरंबला सायकलवर डबलसीट न्यायचे, म्हणजे घरात संशय नको. तो कुंपणाला नाक लावून बसायचा, मी वर. "एकटी उडायला लागले की तुला बसवते," असं सांगून त्याला गप्प ठेवायचे. मास्तर म्हणाले होते, पुढच्या सोमवारी एकटी जायचं.

तो सोमवार आलाच नाही. शनिवारी बाबांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. जेवण सोडलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी मी क्लबात जाऊन नाव काढून आले. मग घाईघाईने पुण्याचं स्थळ ठरवलं, तेही मोडलं. ना लग्न ना विमान!

सांगणारी वत्सलामावशी. दुसरं कोण? त्याच शनिवारी ती आमच्याकडे आली होती, आणि तिच्या पोटात काही राहायचं नाही. पुन्हा तिच्याशी बोलले नाही. तिच्या तेराव्यालाही गेले नाही. त्याचं मला काही वाटत नाही.

१ डिसेंबर

उजवा पंख बंद झाला. सगळ्या जोडांशेजारी मं. मं. मं. — आता कायमचं आत.

८ डिसेंबर

निरुपमा पंखांसाठी कापड शिवतेय. "ताई, ही शिवण बघा ना, सरळ आहे?" सरळ आहे ग बाई. तुझं सगळंच सरळ आहे.

हेरंब शेडमध्ये विमानाच्या सीटवर बसून बघत होता. नुसता बसला होता, हातात दांडा, डोळे मिटून. मला बघवेना. आत येऊन उगाच डाळ निवडली, निवडलेलीच.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी पेपरवाला आला. गुजराती पेपरचा, गळ्यात कॅमेरा. हेरंबने इस्त्रीचा शर्ट घातला. निरुपमाने पोहे केले. मी खिडकीचा पडदा धरून उभी, उजेड यावा म्हणून!

"हेरंबभाई, आ विचार क्यांथी आव्यो?"

आणि हा काय म्हणतो? "नानपणथी मारुं सपनुं हतुं."

मारुं! लहानपणापासूनचं, याचं स्वप्न! पाळण्यात ओकणाऱ्याचं! मी पडदा सोडून दिला. पेपरवाला म्हणाला, "बेन, जरा लाइट..." मी म्हटलं, कुकर लावायचाय. फोटोत दोघं आहेत, नवराबायको. माझं नावही कुणी घेतलं नाही.

दुपारी डावा पंख तपासायला बसले. डोक्यात सकाळचंच. खालून येणारी आधाराची दांडी जिथे पंखाला धरते, तिथे आत एक ठोकळा आहे. सगळा भार त्याच्यावर. जोड नीट दाबला की कडेला सरसाची रेघ बाहेर येते, ती त्या ठोकळ्याला आलेली नव्हती. सरस सुकत आल्यावर क्लॅम्प आवळला असणार, घाई नडली. पेराने वाजवलं. पोकळ. परत वाजवलं. पोकळच!

हेरंब समोर स्टुलावर. "काय ग?"

"काही नाही."

"ठीक?"

"ठीक," म्हटलं. पेन्सिल घेतली आणि लिहिलं — मं.

का लिहिलं? मला माहीत आहे का लिहिलं. इथे तरी खरं लिहावं. मी जळतेय. सकाळपासून नाही, दीड वर्ष.

१६ डिसेंबर

शाळेत ठरवलं होतं, घरी गेल्या गेल्या सांगायचं. आले तर डाव्या पंखावर प्लायवुड बसवून झालेलं. हेरंबने आज रजा घेतली होती म्हणे.

"ताई, काही राहिलं नाही ना?"

"नाही."

२२ डिसेंबर

असेलही पक्का. मलाच पोकळ ऐकू आलं असेल. बाबांचा कान वेगळा, माझा वेगळा. आणि इंजिनिअर कोण आहे घरात? त्याला कळायला नको?

त्याचा फोटो छापून आला. निरुपमाने कापून फ्रीजवर लावलाय. दूध काढायला गेलं की समोर हेच.

२९ डिसेंबर

उजव्या पंखाला कापड चढलं. ताशासारखं ताणून बसलंय, टिचकी मारली की वाजतं. सोसायटीतली सगळी बघून गेली. डाव्याचं कापडही शिवून तयार आहे, पण हेरंब म्हणतो, डाव्याला घाई नाही. जेवताना परत — "ताई, तुला काही सांगायचंय का?"

"मीठ कमी आहे आमटीत."

त्याने मीठ घेतलं. जेवला.

५ जानेवारी १९९७

दिल्लीचा कागद आला! पेढे वाटले. होळीच्या आधी उडवायचं ठरलं. डभोईच्या बाजूला सुभानरावांचं मोकळं रान आहे, ते बाबांच्या ओळखीतले. पहिल्या दिवशी नुसतं जमिनीवर पळवून बघायचं, मग थोडं वर. सुभानराव म्हणाले, मंडप घालतो, जेवण माझ्याकडे.

मी पेढा अर्धाच खाल्ला. हेरंबने तो उरलेला अर्धा माझ्या हातातून घेऊन खाल्ला, लहानपणी खायचा तसाच.

७ जानेवारी

आज सांगणार होते. निरुपमाचे वडील आले. राहिलं.

९ जानेवारी

आज त्याला ताप होता. राहिलं. कारणं बरी सुचतात मला!

काय सांगू? "तुझा जोड कच्चा आहे, मला दिसला होता, तरी मी सही केली"? मग तो विचारेल, का. त्या "का"ला मी काय उत्तर देऊ? न सांगता जोड तेवढा दुरुस्त व्हावा, असं काहीतरी हवं.

११ जानेवारी

तिळाचे लाडू वळत होतो, मी आणि निरुपमा. मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत ग? तो उडणार त्याची?"

ती म्हणाली, "आधी वाटायची. ताई, सुरवातीला मी त्यांना म्हटलं होतं, हे सगळं विका, मला झेपणार नाही. मग तुम्ही जोड बघायला लागलात. आता निवांत झोपते मी. तुम्ही तपासलंय ना!"

लाडू हातात फुटला. पाक गार झाला म्हटलं.

तुम्ही तपासलंय ना. तुम्ही तपासलंय ना. दिवसभर हेच कानात.

१४ जानेवारी, उत्तरायण

सगळी गच्चीवर, पतंग उडवायला. हेरंब, निरुपमा, अख्खी सोसायटी. स्पीकर, पिपाण्या, आरडाओरडा! मी डोकं दुखतंय म्हणून खाली राहिले.

बाबांची बारीक करवत काढली. डावा पंख दोन स्टुलांवर आडवा होता, अजून बिनकापडाचा. जागा मला पाठ होती. आधी गिरमिटाने भोक पाडलं, मग करवत घातली. वर "काप्यो छे! ए काप्यो छे!" चाललेलं, खाली मी कापतेय. मनाशी ठरवलं होतं — तो खाली आला की म्हणायचं, बघ, जोड कच्चा आहे, मला ठाऊक होतं, आता मार मला.

तुकडा निघाला. टॉर्च लावला.

ठोकळाच नवा! नवीन लाकूड, सरसाची रेघ चारी बाजूंनी सारखी बाहेर आलेली. वाजवलं. टणक. शेजारी माझं "मं." तसंच. त्याच्या खाली हेरंबच्या किरट्या अक्षरात — "पुन्हा केला. हे. १५ डिसें."

त्याच दिवशी! मी "ठीक" म्हटलं त्याच दिवशी!

आधी राग आला. खरंच, रागच आला. म्हणजे महिनाभर "काही राहिलं नाही ना, काही सांगायचंय का" हे सगळं जाणूनबुजून? माझी परीक्षा घेत होता? आणि मी रोज नापास! मग राग गेला आणि तिथेच फरशीवर बसून राहिले, मांडीवर भुसा. चांगल्या पंखाला भोक पाडून ठेवलं मी. आता काय तोंड दाखवू त्याला?

पावलं वाजली तशी खोलीत आले आणि कडी लावून घेतली.

१५ जानेवारी

सकाळी निरुपमा मांडवीला माहेरी गेली. मी बाहेर आले तर हेरंब पंखापाशी बसलेला. त्या भोकाच्या मापाचा प्लायवुडचा तुकडा कापून झाला होता.

म्हणाला, "तू दोनदा वाजवलंस ना, ताई, ते मीही ऐकलं होतं."

"मग तोंडाने का नाही विचारलंस मला?"

त्याने तुकड्याची कड घासायला घेतली. मग मान वर न करता म्हणाला, "मी कुठल्या तोंडाने विचारणार? हरणीचं बाबांना मी सांगितलं होतं. वत्सलामावशीने नाही. तू रोज वर आणि मी कुंपणापाशी. बघवेना मला."

सत्तावीस वर्षं! बिचारी मावशी.

मी खाली बसले. सरसाचे दोन्ही डबे पुढे ओढले, मिसळला, कडेला लावला.

"नीट धर तुकडा," मी म्हटलं. "हलतोयस."