जे असेल ते माझ्या तोंडावर सांगा

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाट्टी! म्हणजे आजी. साठी ओलांडली म्हणून मी जगाची आजी झाले का? तंजावुरात मेडिकल कॉलेज रोडवरच्या त्या हॉस्पिटलात काउंटरवरची मुलगी म्हणते, "पाट्टी, सोबत कोण आहे?" म्हटलं, पोट माझं, दुखणं माझं, मला विचार. तरी पुढचं सगळं तिनं शिवाकडे बघून सांगितलं. शिवा माझा मुलगा. आज मुद्दाम रजा टाकून आला होता, आणि आल्यापासून मान डोलावत होता.

डॉक्टर त्याच माळेचा मणी. घास छातीत अडतो, आंबट पाणी वर येतं, ब्लाउज सैल पडायला लागलेत — सांगितलं मी, उत्तर शिवाला. "सर, अम्मांची एंडोस्कोपी करून बघू. तोंडातून नळी घालतात, छोटा कॅमेरा असतो." तोंड कुणाचं? मी खुर्चीत बसले होते की भिंतीवर टांगलेली होते?

लावण्या मोबाइलवर टिपून घेत होती. सून माझी, कुंभकोणमच्या मराठी घरातली, पण बोलते तमिळ. मराठी सगळं कळतं, बोलायचं म्हटलं की जीभ अडते.

उठताना डॉक्टरला खणखणीत सांगितलं, सगळ्यांसमोर. जे असेल ते माझ्या तोंडावर सांगायचं. मुलाला नाही, सुनेला नाही. तो हसला. "सरि, अम्मा." म्हणजे बरं, अम्मा.

हसायला काय झालं?

५ फेब्रुवारी, बुधवार

हे देवनागरीत लिहिते ते बरं आहे. घरात कुणाला वाचता येत नाही. जन्मभर शाळेत तमिळमधून गणित शिकवलं, पण भांडायचं ते या अक्षरांत.

आईची आठवण जात नाही. तिला अल्सर आहे म्हणाले सगळे. अप्पांना खरं माहीत, माझ्या भावाला माहीत, समोरच्या दूधवाल्यालासुद्धा माहीत. आईला नाही. ती बापडी पथ्य करत बसली. तिखट सोडलं, काफी सोडली, बरी होणार म्हणून. मलाही अगदी शेवटी सांगितलं. का, तर मुलगी रडेल. एकदा तिनं विचारलं होतं, "मजला काय झालंय, कोणी सांगत कां नाही?" अप्पा म्हणाले, "काही नाही. सारभात खा."

माझ्याशी कुणी असं वागलं तर मी माफ करणार नाही. कॅन्सर असेल तर कॅन्सर म्हणा. मला कळलं पाहिजे. एवढंच मागणं आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

परत पाठवलं!!

रात्रीपासून पोटात काही नको, म्हणाले होते. नव्हतंच. उपास मला शिकवणार हे? जन्मभर एकादशी करते मी. पहाटे उठून आंघोळ केली, देवाला दिवा लावला, काफी घेतली आणि निघाले. तिथल्या नर्सनं विचारलं, "काही खाल्लं?" नाही. "प्यायलात?" म्हटलं, नुसती काफी.

ती बघतच राहिली. "अम्मा, दूध घातलेली?"

मग काय, ताक घालून पितात? कुठल्या एकादशीला काफी चालत नाही ते दाखवा मला! अख्ख्या तंजावुरात काफीनं कुणाचा उपास मोडला नाही, तो आज या पोरीनं मोडला. म्हणे नळी घालताना पोटातलं उलटून श्वासनळीत जाईल. मग तसं सांगायचं ना आधी! लावण्या हळूच म्हणाली, "सांगितलं होतं, अत्ते. काफी नाही, पाणीसुद्धा नाही." ऑटोत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

झालं.

घशात कडू फवारा मारला, जीभ लाकडासारखी झाली. डाव्या कुशीवर वळवलं. दातांत प्लॅस्टिकचं कडं. हातात इंजेक्शन. त्या नर्सचं नाव वासुकी, तेवढं वाचलं छातीवरच्या पट्टीवर. त्यानंतर एकदम ऑटो, आणि ऑटोत लावण्याचा खांदा. मधलं काही नाही.

डॉक्टर आला नाही. सांगणार होता, आला नाही. शिवाला विचारलं, तर म्हणतो, "डॉक्टर लावण्याशी बोलले, अम्मा. मी औषधांच्या रांगेत होतो. काही नाहीये म्हणाले." लावण्याला विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काही नाही, अत्ते. तुकडा तपासायला पाठवलाय. झोपा."

काही नाही! आमच्या घराण्याचं ब्रीदवाक्य.

९ फेब्रुवारी, रविवार

घसा सोलून निघालाय. गार दहीभात, तोही मिक्सरमधून काढलेला. लहान मूल झाले.

राग डॉक्टरचा जास्त की लावण्याचा, ठरवता येत नाही. सगळ्यांसमोर कबूल केलं होतं त्यानं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लावण्या फोन घेऊन गच्चीवर जाते. आधी कधी जात नव्हती.

आणखी एक. ती उलटून बोलेनाशी झालीय. सांबारात मीठ कमी आहे म्हटलं की पूर्वी म्हणायची, "तुम्हीच करा मग." आज म्हटलं, तर मुकाट्यानं मीठ आणून ठेवलं. मरणाऱ्या माणसाशी असं वागतात. मला येतं ओळखता, मी पाहिलंय.

शिवाला म्हटलं, कागद दाखव. "कुठला कागद? सगळं लावण्याकडे आहे." लावण्या म्हणते, हॉस्पिटलात आहे. दोघांनी मिळून पाठ केलंय. बापाचा मुलगा शोभतो — नाही, माझ्या अप्पांचा नातू. रागानं लिहितानाही चुकायला लागलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना लावण्या म्हणाली, मंगळवारी स्कॅन आहे. कसला? "पोटाचा. रुटीन."

काही नाही तर स्कॅन कशाला?

शिवानंही तेच विचारलं. "कशाला गं? सगळं ठीक आहे म्हणालीस ना?" काय सोंग करतो! चेहरा अगदी कोरा. मी ताट सरकवून उठले. तसंही उतरत नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज बोलले. शिवा बाजारात गेला होता. लावण्याला म्हटलं, तुझ्या आईला असं अंधारात ठेवशील का? तू पडलीस परक्याची, म्हणून मला ठेवतेस. हे घर माझं आहे, शरीर माझं आहे. तुला कुणी अधिकार दिला?

ती तमिळमध्ये काहीतरी म्हणायला गेली. अर्ध्यातच उठली. बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत होतं.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. रड, म्हटलं. माझ्या आईला रडायचीसुद्धा संधी दिली नाही कुणी.

सोमवारी ती कामाला गेली की मी एकटी हॉस्पिटलात जाणार. त्या डॉक्टरला असं सुनावणार की जन्मात कुणाला सरि अम्मा म्हणायचा नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गेले. डॉक्टर आत कुणाला तरी नळी घालत होता. बाहेर वासुकी भेटली. तिलाच धरलं. म्हटलं, तुमच्या डॉक्टरनं शब्द मोडला. मला सांगतो म्हणाला आणि सुनेला सांगून मोकळा झाला.

वासुकीनं मला बाकावर बसवलं. "अम्मा, तुम्हाला खरंच आठवत नाही?"

काय आठवायचं?

ती म्हणाली, त्या इंजेक्शननंतर माणूस जागा होतो, नीट बोलतो, आणि नंतर सगळं पुसलं जातं. डॉक्टर आले होते. माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसले होते. म्हणाले, अम्मा, तुम्हालाच सांगायचं ठरलंय, म्हणून सांगतो. आणि मी त्यांचा हात धरला.

"नको म्हणालात, अम्मा. मला सांगू नका, मला भीती वाटते. रडत होतात. डॉक्टरांनी विचारलं, मुलाला बोलावू? नाही म्हणालात. त्याला सोसणार नाही. सुनेला सांगा, ती घट्ट आहे. तिला आत बोलावलं. तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतलात आणि शपथ घातलीत. मला सांगायचं नाही, शिवाला सांगायचं नाही."

मी म्हटलं, खोटं आहे. मी असं बोलणार नाही.

वासुकी उठली. पाणी आणून दिलं.

मी बोलले असेन. बाकावर बसल्या बसल्या कळलं मला. तो रडणारा आवाज ओळखीचा वाटला. भीती पहिल्या दिवसापासून होती, मी तिला राग म्हणत होते.

आणि ती पोर! नवऱ्याला सांगायची सोय नाही, मला सांगायची सोय नाही. वर माझे शब्द. परक्याची म्हणाले मी तिला तोंडावर, आणि तिनं नळ सोडला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काल संध्याकाळी लावण्याला समोर बसवलं. म्हटलं, तुझी शपथ सोडवली. आता सांग. तिला वाटत होतं, मला सगळं आठवतंय आणि मी चिडून तिची शपथ पारखतेय. म्हणून सोसत होती.

माझा हात धरून तिनं मराठीत सांगितलं, अडखळत, एकेक शब्द शोधून. "कॅन्सर आहे, अत्ते. तुमच्या आईला होतं तेच. पण लवकर सापडलं. स्कॅन चांगला आला तर ऑपरेशन करतां येतं म्हणाले."

मी ऐकलं. पूर्ण ऐकलं.

मग तिनं विचारलं, "शिवाला कधी सांगायचं?"

मी म्हणाले, इतक्यात नको.