मी इंग्रजी कोणाकडे शिकले

सर, त्या सकाळी मी नळावरून पाणी भरलं, तांदूळ निवडले, सुकट तव्यावर टाकली आणि मुलीला म्हटलं, "दार उघड, धूर कोंडलाय." तिने दार उघडलं तर बाहेर तुम्ही चपला काढत होता. तुमची जेवायची वेळ साडेबाराची, आणि अजून दहाही वाजले नव्हते. तुम्हाला बघून ती मोरीकडे सरकली. अकरा वाजता तिचा नववीचा निकाल होता आणि तिच्या वर्गाला इंग्रजी तुम्हीच शिकवायचा. तुम्ही नेहमीसारखे भिंतीला टेकून बसलात आणि "वहिनी, आज जरा लवकर वाढा," म्हणालात. मी वाढलं. भात दोनदा घेतलात. हात धुतलेत, टॉवेलाला पुसलेत, आणि मग म्हणालात, "हिला आज शाळेत एकटीला पाठवू नका." उपाशीपोटी तुम्हाला हे बोलता आलं नसतं, याबद्दल मला अजूनही शंका नाही.

तुम्ही गेल्याला वीसेक वर्षं झाली. शाळेत तुमचा फोटो लावलाय, खाली आदर्श शिक्षक असं लिहिलंय. मी बघून आले. काच पुसायची तसदी कोणी घेतली नव्हती, मीही घेतली नाही. तुमच्या आदर्शाची मला जेवढी माहिती आहे तेवढी त्या शाळेत कोणाला नसेल, कारण आठवी-नववीच्या वह्या तुम्ही माझ्या खोलीत बसून तपासायचा. गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष होतं. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावी गेलेली. माझ्या खानावळीत पूर्वी तीन पंगती उठायच्या, आता तुम्ही आणि आणखी दोघे. जेवलात की वह्यांचा गठ्ठा सोडायचा. मी चौथी शिकलेली, पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला लागलेली बाई. भांडी घासताना मी मान वाकडी करून तुमच्या वह्या बघायची. इंग्रजी अक्षरं मुलीकडून शिकले होते. एक दिवस लक्षात आलं की साठ वह्यांत एकच निबंध आहे. माझे वडील कारकून आहेत, ते रोज नऊ वाजता हापिसात जातात, संध्याकाळी आमच्यासाठी फळं आणतात. सगळ्यांच्या वह्यांत तीच फळं.

"सर, हे सगळे बाप एकाच हापिसात कामाला आहेत काय?" मी विचारलं.

तुम्ही हसलात. "वहिनी, परीक्षेत खरं लिहायचं नसतं. बरोबर लिहायचं असतं. मी फळ्यावर देतो, मुलं पाठ करतात, चुका होत नाहीत."

त्या साठांतले निम्मे बाप त्या घटकेला गिरणीच्या गेटवर नाहीतर घरात भिंतीकडे तोंड करून बसलेले होते. तुम्हाला ते माहीत होतं. तुमच्या शिकवण्याला त्याची अडचण होत होती, एवढंच. क्रियापदांचे काळ पाढ्यांसारखे म्हणून घ्यायचे, निबंध फळ्यावरून उतरवून घ्यायचा, आणि ज्याला उतरवताही येत नाही त्याला मठ्ठ म्हणायचं, याला तुम्ही इंग्रजी शिकवणं म्हणत होता.

माझ्या मुलीने फळ्यावरचं उतरवलं नाही. तिने मोडक्या इंग्रजीत लिहिलं की माझे वडील गिरणीत साचेखात्यात मागावर होते, आता आजारी असतात, खिडकीत बसून चिमणीकडे बघतात, चिमणीतून धूर येत नाही. तुम्ही पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारलीत. आमचे हे तेव्हा खिडकीतच बसलेले. त्यांनी ते पान हातात घेतलं, इंग्रजी वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ धरून ठेवलं. आल्यागेल्याला लेकीबद्दल सांगायचे, "माझा चेडू सायबाची भाषा वाचता." माघात ते गेले. ती जागा मी अजून मोकळी ठेवते, तिथे कोणी पिशवी ठेवली तरी उचलते.

तर निकालाचा दिवस. मी विचारलं, "किती कमी पडले?"

"चार."

"चार गुण नव्हते तुमच्याकडे?"

"होते. दुसऱ्या दोघींना दिले." हे मात्र सरळ बोललात. "दहावीचा निकाल शंभर टक्के लागायचा तर कच्ची मुलं नववीतच थांबवावी लागतात, वहिनी. हेडसरांना यादी हवी होती. हिला वर घातलं असतं तर स्टाफरूममध्ये बोलले असते, खानावळीच्या मिठाला जागला."

"मीठ तर खाल्लंतच," मी म्हटलं.

दोन परक्या मुली तुमच्या दयेला पात्र होत्या, बाप जाऊन तीन महिने झालेली माझी नव्हती, कारण चारचौघांत तुम्हाला स्वच्छ दिसायचं होतं. मी भित्री माणसं पुष्कळ पाहिली, संपात तर घरोघरी पाहिली. पण स्वतःच्या भित्रेपणाला सचोटी समजणारा माणूस एकच पाहिला.

उठताना दारात थांबून म्हणालात, "तुम्ही दुपारी बसत जा ना माझ्यापाशी. मी शिकवतो. तुमचं डोकं चांगलं आहे. मुलीपेक्षा." मोरीपाशी ती उभी होती. तिने ऐकलं. मीही ऐकलं.

ते चालू झालेलं इंग्रजी अजून संपलेलं नाही. आता गॅलरीत आठवीची सात-आठ मुलं येऊन बसतात. मी सांगते, बाप काय करतो ते आधी मराठीत सांग, मग त्याचं इंग्रजी बघू. परवा एक विचारत होता, "आजी, पप्पा मॉलच्या गेटवर वॉचमन आहेत, असं लिहिलं तर चालेल?" म्हटलं, "चालेल काय, तेच लिही. कुठला मॉल तेही लिही." तुमची लाल पेन्सिल मी कधी घेतली नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, आणि एक मानपत्र, त्यात लिहिलंय की मी कोणाच्याही मदतीशिवाय इंग्रजी शिकले. माईकवर तेच वाचून दाखवलं. मी खाली बघून ऐकून घेतलं. मुलगी माहीमहून आली होती, पहिल्या रांगेत बसली होती, सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर शालीची घडी घालत म्हणाली, "चांगली ऊबदार आहे. वापर, ठेवून देऊ नकोस." बाकी काही नाही. चाळीस वर्षांत तिने एकदाही काही म्हटलेलं नाही.

म्हणून हे लिहायला बसले. मानपत्राच्याच मागच्या कोऱ्या बाजूला लिहितेय, तिथेच राहील. तुम्हाला काय वाटतं याची मला पर्वा नव्हती आणि नाही. पण त्या दिवशी तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. मुलगी निकाल आणायला गेली नाही. संध्याकाळी माझ्या शेजारी बसून म्हणाली, "आई, मी परत नववीला बसते. लहान मुलींबरोबर बसते, मला काही वाटणार नाही. फक्त सरांना इथे जेवायला नको. मी त्यांना वाढणार नाही." एवढंच मागितलं तिने. मी आजवर सगळ्यांना सांगत आले, स्वतःलाही, की संपात एक माणूस कमी झाला असता तर चूल बंद पडली असती. ते खोटं आहे. समोरच्या चाळीतला एक वॉचमन आठवडाभर खानावळीत जागा विचारत होता, अनोळखी म्हणून त्याला मी नाही म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी तुमचं ताट वाढलं. ती स्टोपाशी बसून भाकऱ्या थापत होती. तुमचं जेवण झालं, तशी मी तिची नववीची वही घेतली, लिहिलेली पानं फाडून काढली आणि तुमच्यासमोर बसले.