नकाराचं कारण
मंगळवार, संध्याकाळ. कापडे.

पाऊस वाढला की वाडीला आधी कळावं म्हणून स्कीम या संगणकभाषेत प्रोग्राम लिहिला, आणि तोच तीन दिवस मुका! संगणकाला जोडलेलं अंगणातलं पर्जन्यमापक उघड म्हटलं की सिस्टीमचं एकच उत्तर: उणे एक, म्हणजे नकार. मला वाटलं मापकाशी बोलणारी तयार कोडची लायब्ररीच बिघडली. काढून पुन्हा बसवली, जुनी आवृत्ती आणून पाहिली. तरी उणे एक.

आज सुमनवहिनी चहा घेऊन आल्या.

"काय म्हनतंय रे?"

"नाही म्हणतंय."

"का नाय, ते इचारलंस?"

विचारलंच नव्हतं! सिस्टीम नकाराचं कारण वेगळं नोंदवून ठेवते, हे मला माहीत असून? दोन ओळी लिहून ते छापून घेतलं: परवानगी नाही. लायब्ररी बिचारी निर्दोष. प्रोग्रामसाठी संगणकावर नवं खातं मीच काढलं आणि मापक वाचायची परवानगी द्यायला मीच विसरलो. एकटाच हसत सुटलो.

परवानगी दिली. वहिनींनी मापकात तांब्याभर पाणी ओतलं आणि पडद्यावरचा आकडा सरसर चढला. त्यांनी लगेच मुंबईला दादाला फोन लावला.

"अवो, आता पाऊस वाढला म्हनून घाबरून फोन करू नका. तुमच्या आधी आमाला कळंल!"