आठ खांबांचं देऊळ

पुणे, ४ जुलै १९९५

ती. अक्कास सुमंतचा सा. न. वि. वि.

अप्पांचा मोतीबिंदू निघाला हे बरं झालं. पण अडीच महिन्यांत त्यांना दोन ओळी खरडता येऊ नयेत, हे काही पटत नाही. माझ्यावर रागावले असतील तर सरळ कळव. योगिताला सातवा लागलाय. आधी दोनदा निसटलं, म्हणून डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरू दिलेलं नाही. घरात मोठ्यानं शिंकायचीसुद्धा मला चोरी आहे.

एक मागणं आहे. बैठकीतलं रोमच्या पँथिऑनचं चित्र अप्पांनी माझ्या लग्नात मला कबूल केलं होतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, दीडशे वर्षांचं, म्हणून नव्हे. त्या देवळाच्या पुढच्या आठ खांबांवर बोट ठेवून आपण दोघं आकडे शिकलो, माझ्या पोरानंही तसंच शिकावं. माझा मित्र जयतीर्थ पुढच्या आठवड्यात लग्नाला हुबळीस येतोय, त्याच्याकडे दे.

लोभ आहेच, चित्र दिलंस तर दुप्पट होईल.

तुझा सुमंत

केशवापूर, हुबळी, ८ जुलै

ती. आत्यास शालिनीचा शि. सा. न.

सुमंतचं पत्र सोबत आहे. अप्पांना एप्रिलात अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, हे योगिताच्या कानी जाऊ नये म्हणून तुमच्या सांगण्यावरून मोतीबिंदूची थाप मारली. सुमंतच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्यालाही सांगितलं नाही.

पण तुम्ही अळणावरला परत गेल्यावर इथे एक झालं. देशपांडे नगरचे डॉक्टर म्हणाले होते, ओळखीच्या वस्तू दाखवून बोलतं करा. एकदा चित्र पुसायला उतरवलं, तर अप्पांनी पहिल्या खांबावर डाव्या हाताचं बोट टेकवलं आणि ‘ओंदु’ म्हणाले. शाळेतलं कन्नड वर आलं. आता रोज सकाळी चित्र मांडीवर देते. काल पाचव्या खांबापर्यंत पोचले. जे यायचं ते पहिल्या सहा महिन्यांतच येतं, खंड पाडू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. चित्र नाकारावं तर कारण सांगावं लागेल. मी काय करू?

माया आहेच तुमची, ती असू द्यावी.

शालिनी

अळणावर, ११ जुलै

चि. शालिनीस अनेक आशीर्वाद.

चित्र देऊन टाक. वादिराज माझा पाठचा भाऊ आहे, तो काय मला जड झालाय? पण त्यानं सत्तर पावसाळे पाहिलेत, आणि ते लेकरू अजून जगात यायचंय. गरोदर बाईच्या घरी वाईट वार्ता धाडू नये. आपल्यात कुणी धाडलेली नाही. मोजायला खांबच हवेत ना? हळेबीडचं कॅलेंडर आण आणि तेच मांडीवर दे. देऊळ ते देऊळ.

बाकी क्षेम. आठवण ठेवून लिहीत जा.

कुसुमावती

पुणे, २ ऑक्टोबर

ती. अप्पांना सुमंतचा शि. सा. न.

तार मिळालीच असेल. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. चित्र पाळण्यासमोर लावलंय. तुम्ही मनाविरुद्ध दिलंत की काय, अशी शंका येते, कारण तुमचं अक्षर अजून दिसत नाही. आता मात्र लिहावंच लागेल. मुलीचं नाव तुम्हीच सांगायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. तोवर बारसं थांबवलं आहे.

आशीर्वाद असू द्यावा.

सुमंत

केशवापूर, ७ ऑक्टोबर

चि. सुमंत व योगितास आशीर्वाद.

सुमंत, हे पत्र बसून वाच. मोतीबिंदू खोटा होता. एप्रिलात अप्पांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्यांना बोलता येत नाही. योगिताच्या जिवाला धक्का नको म्हणून लपवलं.

त्या चित्रावरचे खांब मोजत ते बोलायला लागले होते. जयतीर्थ आला त्या दिवशी ‘आरु’पर्यंत, सहाव्या खांबापर्यंत, पोचले होते. त्यांनी चौकट डाव्या हातानं घट्ट धरली. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. कॅलेंडर आणलं, त्याकडे पाहून त्यांनी मान वळवली. त्यानंतर एक शब्द नाही. काल डॉक्टर म्हणाले, आता आशा धरू नका. आत्याला बोल लावू नकोस. तिनं सल्ला दिला, पण दिलं मी.

तुझं पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. नात झाल्याचं त्यांना कळलं, डोळे भरून आले. नावाचं वाचल्यावर त्यांनी तोंड उघडलं आणि बराच वेळ उघडंच ठेवलं. मी कान जवळ नेला. काही आलं नाही.

मुलीचं नाव तुम्हीच ठेवा. बारसं थांबवू नका.

लोभ ठेववला तर ठेव.

अक्का