बाहुलीघरातला पलंग

छोट्या,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. मी सुताराकडे चालले आहे.

बाहुलीघर मी माळ्यावरून उतरवून पुन्हा जेवणाच्या टेबलावर मांडलंय. आता त्याला हात लावायचा नाही. काल तुझ्या साहेबांसमोर तू त्याला "आईचा पोरखेळ" म्हणालास. चारचौघांत तमाशा नको, म्हणून आज लिहून सांगते.

काडेपेट्यांचं कपाट, आइस्क्रीमच्या काड्यांची जमीन, तुझ्या जुन्या शर्टाचे पडदे. आपलं हे घर मी त्यात जसंच्या तसं उभं केलं. तुला मात्र चूकच दिसली. "आई, हॉलमधला तुझा दिवाण विसरलीस! आणि मागच्या अडगळीच्या खोलीत पलंग कसला?" असं म्हणून नवरा-बायको पोट धरून हसलात.

ती चूक नाही रे. तुझे बाबा गेल्यापासून मी हॉलमध्ये झोपते. तुमचा टीव्ही बंद झाला की माझी रात्र सुरू होते. पाहुणे आले की अंथरूण गुंडाळून मी स्वयंपाकघरात. आता बास झालं.

त्या चिमुकल्या पलंगावरूनच सुताराने मला खरा पलंग करून दिलाय. संध्याकाळी तो घेऊनच येते. तोवर मागच्या खोलीतली तुझी सायकल, कपडे वाळत घालायचं ते व्यायामाचं यंत्र आणि सूनबाईच्या बॅगा बाहेर काढा.

हे सगळं कुठे ठेवायचं असा प्रश्न पडलाच, तर बाहुलीघरातला हॉल बघ. दिवाणाची जागा रिकामीच ठेवली आहे मी.

आई