आईनं मागितलेलं स्तोत्र

उमरी,
नोव्हेंबर १९९९

प्रिय शमुवेल,

तुझं कार्ड मिळालं. लातूरच्या तुझ्या क्लासला आता जागा पुरत नाही, देगलूर-अर्धापूरची पोरं येऊन राहिलीत, रविवारी त्याच हॉलात तू प्रार्थनासभा घेतोस, सगळं वाचलं. आनंद आहे. आणि खाली एका ओळीत विचारतोस, आई अजून रागावलीय का? कपाळ माझं! नुसता राग असता तर कधीच उतरला असता. सप्टेंबरपासून ती चर्चची पायरी चढली नाही. तुझं नाव काढलं की भिंतीकडं तोंड फिरवते. तुला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?

सिंधूच्या स्मरणाची उपासना होती. आपली धाकटी सिंधू, किल्लारीकडं नर्स म्हणून गेलेली, भूकंपाच्या रात्री भाड्याच्या खोलीत झोपलेली असताना दगडामातीचं माळवद अंगावर आलं. शास्त्र वाचायचं काम तुझ्याकडं होतं, आणि आईनं एकच मागणं केलं होतं, अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा म्हणून. त्यातला माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतो आणि शेवटपर्यंत उत्तर येत नाही, ते. तू सगळ्या मंडळीसमोर हसून म्हणालास, ही खचलेल्या माणसाची कुरकुर आहे, यात संदेश नाही. आणि उघडलंस काय, तर एक्याण्णवावं! तुझ्या राहत्या घराजवळ संकट फिरकणार नाही म्हणे. अरे बाबा, कुणासमोर वाचतोयस? जिची लेक घराखाली गाडली गेली तिच्यासमोर! आई उठून बाहेर गेली. तू वाचतच राहिलास.

तुझं बायबल त्या दिवशी पुलपिटवर राहिलं होतं, मी चाळलं. तांबड्या पेनानं जागोजाग ‘व्हीआयएमपी’, पोरांना हमखास येणाऱ्या प्रश्नावर करून देतोस तशी खूण. आणि जिथं कुणी रडतंय, देवाशी भांडतंय, तिथं पेन्सिलची आडवी रेघ. परीक्षेला येत नाही ते गाळायचं, ही क्लासची रीत तू वचनाला लावलीस? वर तूच ओरडून सांगतोस की शब्दन् शब्द देवाच्या तोंडचा आहे. मग त्यावर रेघ मारणारा तू कोण रे?

अप्पा असं शिकवायचे का आपल्याला? जेवणं झाली की कंदिलाजवळ बसून पौलाची पत्रं वाचून दाखवायचे. त्रोवसात राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, असं तो तुरुंगातून लिहितो. दुसरीकडं तर आपण कुणाकुणाला बाप्तिस्मा दिला तेच त्याला आठवत नाही, आणि आठवत नाही असं लिहून मोकळा होतो. आपण तिघं खिदळायचो. तूच विचारलं होतंस, हे पण देवाचं वचन हाय का? अप्पा म्हणाले, हाव. शुभवर्तमान लिहिणारा लूक सुरुवातीलाच सांगतो, मी सगळी नीट चौकशी करून लिहितोय. देवाला आभाळातून छापील कागद टाकता आला असता की, पण त्यानं माणसं घेतली, थंडी वाजणारी, विसरणारी, रडणारी. पाणी त्याचंच, पण ज्या विहिरीतून येतं तिची चव लागणारच. असं म्हणून अप्पा त्याच पुस्तकापुढं मान खाली घालून प्रार्थना करायचे. वचनाचा अधिकार मीही मानते शमू, म्हणून तर एक ओळ गाळायला माझा हात धजत नाही. ज्यानं ते अठ्ठ्याऐंशीवं लिहिलं त्याला हुंदका आला होता, आणि देवानं तो हुंदका आपल्या पुस्तकात राहू दिला. आईला एवढंच ऐकायचं होतं.

तू असा का झालास ते मला कळतं. त्या ढिगाऱ्यातून सिंधूला तूच हातांनी बाहेर काढलंस. तेव्हापासून तुला सगळं पक्कं लागतं. एक दगड हलला तर सगळं खाली येईल अशी तुला धास्ती आहे. पण तुझ्या धास्तीचा भार आईनं का उचलायचा? वड्याचं तेल वांग्यावर काढायची ही कुठली तऱ्हा?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आईच्या पोटात गाठ आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. तुला कळवायचं नाही अशी शपथ तिनं मला घातली होती, ती मी आज मोडतेय. मागच्या आठवड्यात तिनं पाळकसाहेबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, माझ्या मातीला शमुवेल आला तर येऊ द्या, पण शास्त्र त्याच्या हातात देऊ नका. पाळकसाहेब हो म्हणाले. मला काही हो म्हणवलं नाही. तू लगेच निघ. तिच्या उशाशी बस आणि ते स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच, वर काही समजावू नकोस. रडू आलं तर रड. ती ऐकेल की भिंतीकडं तोंड करेल, मला सांगता येत नाही. माझाही तुझ्यावर राग आहे, लई राग आहे. पण आईला माती देताना तिचा एकुलता एक लेक परक्यासारखा मागं उभा राहिलेला मला बघवणार नाही.

तुझीच, भांडून दमलेली,
अक्का